पशुवैद्यकीय पदवीच्या पहिल्या वर्षी नेमके काय शिकवतात?

प्रश्न : यावल तालुक्यातील एक पालक

सर्वांना नमस्कार. आमची केळी आणि कपाशीची शेती असून गोठ्यात दोन गिर गाई, तीन म्हशी आणि एक बैलजोडी आहे. माझ्या धाकट्या मुलीने यंदा नीट परीक्षा दिली. तिला मिळालेले गुण पाहता नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या एखाद्या घटक महाविद्यालयात, म्हणजे मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर किंवा शिरवळ यांपैकी कोठेतरी, तिला प्रवेश मिळण्याची शक्यता आहे. तिची स्वतःची इच्छा पक्की आहे आणि माझाही विरोध नाही.

शंका वेगळी आहे. आमच्या नात्यातील एक मुलगा याच अभ्यासक्रमाचे पहिले वर्ष संपवून सुटीत गावी आला होता. त्या वेळी शेजाऱ्यांची गाय चारा खात नव्हती, म्हणून लोकांनी त्याला बोलावून नेले. त्याने गाईला हात लावून पाहिले, ताप मोजला, पोटाच्या डाव्या बाजूला कान लावला आणि "औषध मी देऊ शकत नाही, दवाखान्यातून डॉक्टरांना बोलवा" असे सांगितले. गावात त्याची बरीच थट्टा झाली. वर्षभर वसतिगृहात राहून आणि एवढा खर्च करून एक इंजेक्शनसुद्धा देता येत नसेल, तर तेथे शिकवतात तरी काय, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात आहे. शिवाय मुलीचे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे. या शिक्षणाशी प्रत्यक्ष संबंध असलेल्या व्यक्तींनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १ : मूळची अमळनेरची, सध्या परभणीत तिसऱ्या वर्षाला

काका, नमस्कार. तुमच्या नात्यातील मुलाने जे केले ते अगदी बरोबर केले, हे आधी सांगते. पहिल्या वर्षी आम्हांला कोणताही रोग आणि कोणतेही औषध शिकवत नाहीत. निरोगी जनावराचे शरीर कसे रचलेले असते, ते कसे चालते आणि त्याला कसे सांभाळावे, एवढाच त्या वर्षाचा विषय असतो. रोगजंतू, परजीवी आणि रोगांमुळे शरीरात होणारे बदल यांचा अभ्यास त्यानंतर सुरू होतो, आणि औषधोपचार व शस्त्रक्रिया त्याहूनही पुढे येतात. संपूर्ण अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा असून त्यातील शेवटचे एक वर्ष आंतरवासितेचे (इंटर्नशिपचे) असते.

पहिल्या वर्षाचे मुख्य विषय चार : शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, जीवरसायनशास्त्र आणि पशुधन उत्पादन व व्यवस्थापन. यांतला पहिला विषय सर्वांत जास्त वेळ खातो, आणि वसतिगृहातील दिव्याखाली रात्री अकरानंतर जी मुले दिसतात ती बहुधा त्याचाच अभ्यास करत असतात, म्हणून मी त्याविषयीच लिहिते.

सुरुवात हाडांपासून होते. गाय-बैल हा मुख्य नमुना मानतात आणि घोडा, कुत्रा, डुक्कर व कोंबडी यांची त्याच्याशी तुलना करतात. बैलाला बरगड्यांच्या तेरा जोड्या असतात, तर घोड्याला अठरा. कंबरेचे मणके बैलाला सहा आणि कुत्र्याला सात असतात. मानेचे मणके मात्र बैल, घोडा, कुत्रा आणि उंट या सर्वांना सातच असतात, उंटाची मान एवढी लांब असूनही. तोंडी परीक्षेत समोर एक हाड ठेवतात. ते कोणते, कोणत्या प्राण्याचे, डाव्या बाजूचे की उजव्या, त्यावरील हा खड्डा कशासाठी आणि या छिद्रातून कोणती नस (मज्जातंतू) जाते, हे सर्व सांगावे लागते. नुसते पाठांतर करणारे येथे अडकतात, कारण हाड उलटे धरून विचारले की पाठ केलेले वाक्य उपयोगी पडत नाही.

या पाठांतराला अर्थ आहे हे मला बैलाच्या पुढच्या पायाने पटवले. त्या पायाचे धडाच्या सांगाड्याशी एकाही सांध्याने नाते नसते. माणसाला असते तसे गळपट्टीचे हाड बैलाला नसते, त्यामुळे छातीचा संपूर्ण भार दोन्ही बाजूंच्या फऱ्यांमध्ये केवळ स्नायूंच्या आधाराने तोललेला असतो. कपाशीच्या रानात वखर ओढणारा बैल आपण सर्वांनी पाहिलेला आहे, पण त्याचे खांदे कशावर टिकून आहेत हे मी गावात अठरा वर्षे राहूनही कधी स्वतःला विचारले नव्हते.

हाडांनंतर विच्छेदन सुरू होते. त्यासाठी रेडकाचे किंवा शेळीचे शव फॉर्मेलिन भरून टिकवलेले असते. त्या द्रवाचा वास डोळ्यांत आणि नाकात झोंबतो, आणि सुरुवातीला जेवणही जात नाही. हे मुलीला आधीच सांगून ठेवा. एकेक स्नायू सोडवत खालची रक्तवाहिनी आणि नस शोधायची असते. डोळा आणि शिंग यांच्यामधील कपाळाच्या कडेने शिंगाची नस जाते. शिंगाचे काम करताना पुढे नेमक्या त्याच जागी भूल देतात. शेपटीच्या पहिल्या दोन मणक्यांमधील फट बोटाने ओळखायला आम्ही सांगाड्यावर शिकतो, आणि व्यायल्यानंतर अंग बाहेर आलेल्या म्हशीला त्याच फटीतून भूल दिली की ती कळा देणे थांबवते. पहिल्या वर्षी हे उपचार आमच्या हातून होत नाहीत, पण जागा तेव्हाच पक्की होते.

याच विषयात सूक्ष्मदर्शकाखाली ऊती पाहणे आणि गर्भाची वाढ हेही भाग असतात. गाईचा गाभणकाळ सुमारे २८० दिवसांचा आणि म्हशीचा सुमारे ३१० दिवसांचा, हे तुम्हांला ठाऊक असेलच. गाईला गोऱ्हा आणि कालवड असे जुळे झाले, तर ती कालवड बहुतेक वेळा पुढे गाभण का राहत नाही, याचेही उत्तर गर्भविज्ञानात मिळते. गर्भाशयात दोघांच्या वारेतील रक्तवाहिन्या एकमेकींना जोडल्या जातात आणि गोऱ्ह्याच्या शरीरातील द्रव्ये कालवडीच्या प्रजनन अवयवांची वाढ बिघडवतात.

माध्यमाचे म्हणाल तर शिकवणे आणि परीक्षा इंग्रजीतच असतात. मीही मराठी माध्यमातलीच आहे. पहिले दोन-तीन महिने जड गेले, पण शरीराच्या भागांची नावे बहुतांशी लॅटिन असल्याने इंग्रजी माध्यमातील मुलांनाही ती नवीनच असतात, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

उत्तर २ : निवृत्त पशुधन विकास अधिकारी, धुळे

वरील मुलीने शरीररचनेविषयी उत्तम लिहिले आहे. मी शरीरक्रियाशास्त्राविषयी लिहितो, कारण माझ्या मते पहिल्या वर्षाचा खरा गाभा तोच आहे, आणि विद्यार्थी नेमके त्याच्याकडे परीक्षेपुरते पाहतात.

भाऊ, तुमच्या नात्यातील त्या मुलाने गाईच्या डाव्या कुशीला कान लावला, यावर लोक हसले असतील, पण त्याने शरीरक्रियाशास्त्रच वापरले. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाचे चार कप्पे असतात आणि त्यांतील सर्वांत मोठा कप्पा, ज्याला रूमेन किंवा कोठीपोट म्हणतात, तो डाव्या बाजूला असतो. निरोगी गाईत तो दर दोन मिनिटांत दोन-तीन वेळा आकुंचन पावतो आणि त्याची घरघर ऐकू येते. ती मंदावली किंवा थांबली, तर पचन बिघडले आहे हे ताप नसतानाही कळते. निरोगी आवाज ज्याने वर्षभर ऐकला आहे, त्यालाच आजारी आवाज ओळखता येतो.

मोठ्या गाईच्या या कोठीपोटात शंभर लिटरहून अधिक माल मावतो. तेथे गाय स्वतः काहीच पचवत नाही. असंख्य सूक्ष्मजीव चारा आंबवतात, त्यातून ॲसेटिक, प्रोपिओनिक आणि ब्युटिरिक ही आम्ले तयार होतात आणि गाय मुख्यतः त्यांवर जगते. आम्लता वाढू नये म्हणून गाय दिवसाला शंभर लिटरच्या आसपास लाळ गिळते. लाळेतील सोडा आम्लता आवरतो आणि लाळ मुख्यतः चघळण्यातून व रवंथातून सुटते. म्हणून कडबा हा केवळ पोट भरण्यासाठी नसतो.

आता आपल्याकडील पोळा आठवा. बैलांना कौतुकाने पुरणपोळ्या आणि दळलेले धान्य भरपूर खाऊ घातले जाते, आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात सुस्त, वैरण न खाणाऱ्या, पातळ शेण टाकणाऱ्या बैलांची रांग लागते. माझ्या संपूर्ण नोकरीत हा दिवस कधी चुकला नाही. पिष्टमय पदार्थ एकाएकी वाढले की लॅक्टिक आम्ल तयार करणारे जीवाणू फोफावतात, आम्लता वाढते, रवंथ थांबतो आणि पाणी शरीरातून पोटात ओढले जाते. उपचार चौथ्या वर्षी शिकवतात, पण कारण पहिल्या वर्षाच्या पुस्तकात असते. कारण माहीत असलेला डॉक्टर मालकाला पुढच्या पोळ्याआधीच सावध करतो.

दुधाचेही तसेच. कासेत दूध तयार असूनही गाय पान्हा चोरते, हे आपण नेहमी पाहतो. वासराने ढुसण्या दिल्या किंवा कास धुतली की मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून ऑक्सिटोसिन सुटते, ते रक्तावाटे कासेत पोहोचून दूध खाली ढकलते, आणि हा परिणाम काही मिनिटेच टिकतो. त्या वेळात गाय बिथरली, कोणी काठी उगारली किंवा अनोळखी माणूस गोठ्यात आला, तर ॲड्रेनलिनमुळे पान्हा अडतो. हे समजले की उठसूट ऑक्सिटोसिनच्या सुया टोचण्याचा जो गैरप्रकार चालतो त्याची गरजच उरत नाही, पण त्यावर मी लिहू लागलो तर मूळ विषय बाजूला राहील.

आपल्या भुसावळ-जळगावच्या उन्हाळ्यात म्हैस गाईपेक्षा जास्त का तापते, हाही याच विषयातील प्रश्न आहे. काळी कातडी उष्णता शोषते आणि म्हशीला घामाच्या ग्रंथी गाईच्या तुलनेत फार कमी असतात, म्हणून तिला डुंबायला पाणी किंवा अंगावर पाणी मारण्याची सोय लागते. उन्हाळ्यात म्हशीचा माज मुका राहतो, म्हणजे बाहेरून दिसत नाही, आणि मालक तीन-तीन आठवड्यांचे फेरे वाया घालवतो, त्याचेही धागे येथेच सापडतात.

थट्टेविषयी एक कायदेशीर बाब. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार पशुवैद्यक म्हणून काम करायचे, तर मान्यताप्राप्त पदवी आणि परिषदेची नोंदणी आवश्यक असते. पहिल्या वर्षाच्या मुलाने त्या गाईला सुई टोचली असती, तर गावाने कौतुक केले असते आणि चूक झाली असती. मानेच्या जागी मांडीत टोचलेल्या सुईने तेथील मोठी नस दुखावून लंगडलेली जनावरे मी पाहिली आहेत.

प्रश्नकर्ता : यावल तालुक्यातील एक पालक

दोघांचेही मनापासून आभार. पोळ्याचे वाचून घरात सगळे गप्प झाले, कारण आमच्याकडेही तसेच चालते. मुलीने स्वतः दोन प्रश्न विचारायला सांगितले आहेत. बारावीला तिला रसायनशास्त्राची भीती वाटत होती, तेव्हा जीवरसायनशास्त्र कितपत अवघड असते? आणि ती अंगाने बारीक आहे, त्यामुळे मोठी जनावरे धरणे-पाडणे तिला जमेल का?

उत्तर ३ : काही वर्षे जीवरसायनशास्त्र शिकवलेला, आता नंदुरबारला

जीवरसायनशास्त्र हा पहिल्या वर्षातील सर्वांत नावडता विषय आहे आणि त्याचा दोष बऱ्याच अंशी शिकवण्याच्या पद्धतीकडे जातो. फळ्यावर चक्रांमागून चक्रे काढली जातात, विद्यार्थी ती उतरवून घेतात आणि गोठ्याशी त्यांचा संबंध कोणीच सांगत नाही. बारावीच्या रसायनशास्त्रातील गणिते येथे फारशी येत नाहीत. कर्बोदके, प्रथिने, स्निग्ध पदार्थ, विकरे (एन्झाइम), जीवनसत्त्वे आणि खनिजे शरीरात कोठून येतात, कशात बदलतात आणि कोठे अडतात, हे समजून घ्यावे लागते.

खान्देशातील मुलीला मी हा विषय ज्वारीपासून शिकवीन. पाऊस लांबला, ज्वारी खुरटली किंवा कापणीनंतर बुडख्यातून कोवळे फुटवे आले आणि भुकेल्या गुराने ते खाल्ले, तर ते काही मिनिटांत धापा टाकत कोसळते. कोवळ्या ज्वारीत एक असा पदार्थ असतो की ज्यातून पोटात सायनाइड सुटते. सायनाइड पेशींमध्ये प्राणवायू वापरणाऱ्या साखळीतील शेवटचे विकर बंद पाडते. रक्तात प्राणवायू भरपूर असतो, पण पेशींना तो वापरताच येत नाही, म्हणून अशा जनावराचे रक्त लालभडक दिसते. विद्यार्थी ज्या श्वसनसाखळीला घाबरतात ती हीच. सोडियम थायोसल्फेट दिले की सायनाइडचे कमी घातक द्रव्यात रूपांतर होऊन ते लघवीवाटे जाते. एवढे उदाहरण समजले की ती साखळी वेगळी पाठ करावी लागत नाही.

दुसरे उदाहरण व्यायलेल्या, भरपूर दूध देणाऱ्या गाईचे. आपण भात-भाकरी खातो आणि त्यातील साखर आतड्यातून थेट रक्तात येते. गाईत तसे फार थोडे घडते, कारण पिष्ट आधीच कोठीपोटात आंबलेले असते. दुधासाठी लागणारी साखर तिचे यकृत मुख्यतः प्रोपिओनिक आम्लापासून बनवते. दूध एकाएकी वाढले आणि खाणे कमी पडले, तर ती स्वतःची चरबी जाळू लागते आणि तिच्या श्वासाला ॲसिटोनचा गोडसर वास येतो. त्याच काळात रक्तातील कॅल्शियम घसरले, तर गाय मान कुशीकडे वळवून बसते आणि उठत नाही. त्याला दुग्धज्वर म्हणतात, मात्र त्यात अंग गरम होण्याऐवजी बहुधा थंड पडते.

आपल्याकडे सरकीची ढेप सर्रास वापरतात. तिच्यातील गॉसिपॉल हे द्रव्य डुकरे आणि कोंबड्यांना बाधते, पण मोठ्या गाई-म्हशींचे कोठीपोट ते बऱ्याच प्रमाणात बांधून ठेवते. लहान वासरांचे कोठीपोट तयार झालेले नसल्याने त्यांना ढेप जपून द्यावी लागते. आंधळेपणाने पाठ करायचा विषय असता तर मीही तो शिकवला नसता.

उत्तर ४ : शहादा तालुक्यातील दूध उत्पादक

माझे मत थोडे वेगळे आहे. पशुधन व्यवस्थापन हा विषय गावातील मुलांसाठी निव्वळ वेळेचा अपव्यय वाटतो. गोठा, चारा, धार, बैल धरणे हे सर्व आम्ही लहानपणापासून करतो. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात आमच्याकडची पोरे घोड्याचे दात पाहून वय सांगतात. त्यांना हेच पुन्हा वर्गात बसवून का शिकवायचे?

उत्तर १ देणारी विद्यार्थिनी, पुन्हा

दादा, मलाही प्रवेश घेताना हेच वाटले होते, आणि गावातील मुलांना या विषयात कमी गुण मिळताना मी पाहिले आहे. बैलाचे वय आपण आदत (पक्के दात न आलेला), दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला (समोरचे सर्व पक्के दात आलेला) असे सांगतो. ते बरोबरच असते. वर्गात त्यापुढे विचारतात की वरच्या जबड्यात बैलाला समोरचे दात नसतातच, मग घोड्याचे वय पाहण्याची रीत येथे का लागू पडत नाही, आणि जुळलेल्या बैलाच्या दातांची झीज कशी वाचायची. आमच्या तुकडीतील एका शहरी मुलाने गाय पहिल्यांदा महाविद्यालयातच जवळून पाहिली होती. त्याने सगळे शून्यापासून शिकले आणि तो आमच्या पुढे गेला.

शिवाय या विषयात मोजमाप असते. छातीचा घेर आणि शरीराची लांबी इंचांत मोजून, घेराचा वर्ग गुणिले लांबी भागिले ३००, असे केले की जनावराचे वजन पौंडांत येते. वजनकाटा नसलेल्या गावात औषधाची मात्रा पुढे याच आकड्यावर ठरते. गाईला छताखाली साधारण साडेतीन चौरस मीटर आणि मोकळ्या आवारात सात चौरस मीटर जागा लागते, म्हशीला त्याहून थोडी जास्त. नवजात वासराला चीक पहिल्या काही तासांतच आणि वजनाच्या सुमारे एक दशांश इतका पाजावा लागतो, कारण त्यातील रोगप्रतिकारक द्रव्ये शोषण्याची आतड्याची क्षमता दिवसभरात संपते. आमच्याकडे अजून वार पडेपर्यंत चीक थांबवून ठेवणारे लोक आहेत. गोठ्यात वाढल्याने हे आपोआप कळत असते, तर तसे कोणी केले नसते. जातींचा अभ्यासही आपल्याला वाटतो तितका ओळखीचा नसतो : तापीकाठची खिल्लार आपण पाहिलेली असते, पण देवणी, डांगी, गवळाऊ आणि लाल कंधारी यांतील फरक मला परभणीतच कळला.

काका, मुलीच्या अंगकाठीची काळजी करू नका. मोठे जनावर ताकदीने पाडत नाहीत. शिंगांना किंवा मानेला दोर बांधून तो छातीभोवती आणि कमरेभोवती वेढतात व मागे सरळ ओढतात. दाब योग्य ठिकाणी पडला की बैल आपणहून गुडघे टेकून बसतो. दोर ओढायला दोन-तीन जण असतातच. त्यापेक्षा गाठ महत्त्वाची, कारण ती एका झटक्यात सुटली पाहिजे. आमच्या तुकडीत निम्म्याच्या आसपास मुली आहेत आणि गाठी बहुधा त्यांच्याच नीट बसतात.

उत्तर २ देणारे निवृत्त अधिकारी, पुन्हा

शहाद्याच्या भाऊंनी घोड्याचा विषय काढला म्हणून एवढेच जोडतो की घोड्याच्या नाडीचे ठोके मिनिटाला तीस-चाळीस असतात आणि गाईचे त्याहून बरेच जास्त. सारंगखेड्यात दात पाहणाऱ्यांपैकी किती जण जबड्याखाली बोट ठेवून नाडी मोजतात, ते यंदाच्या यात्रेत पाहावे.

पालकांसाठी व्यवहाराचे सांगतो. प्रवेशाच्या वेळी पांढरा ॲप्रन, गमबूट आणि विच्छेदनाची पेटी यांचा खर्च धरून ठेवा, पण महाविद्यालयाने यादी दिल्याशिवाय काहीही विकत घेऊ नका. हजेरीचे नियम कडक असतात, त्यामुळे लग्नसराईत मुलीला वरचेवर घरी बोलावू नका. राज्याच्या जागांबरोबरच भारतीय पशुवैद्यक परिषदेमार्फत भरल्या जाणाऱ्या १५ टक्के जागांसाठीही नीटचेच गुण धरले जातात, म्हणून दोन्ही प्रक्रियांच्या तारखा वेगवेगळ्या पाहून अर्ज भरा. आणि मुलगी दिवाळीत घरी आली की तुमच्याच म्हशींच्या डाव्या कुशीला कान लावून दोन मिनिटांत किती आवाज आले, ते तिला वहीत लिहायला सांगा.

प्रश्नकर्ता : यावल तालुक्यातील एक पालक

आभारी आहे. आता दोन्ही अर्ज भरतो. तारखांबाबत काही अडले तर येथेच विचारीन.